आत्याचं आखेन

परदेशात शिकणाऱ्या मुलाची खोली फोनच्या कॅमेऱ्यात मावेल तेवढीच आवरलेली असते. माझ्याही खोलीत असा एक कोपरा होता. भिंतीवर बाप्पा, खाली फळीवर ओळीने लावलेली पुस्तकं, बाजूला हँगरला एक इस्त्रीचा शर्ट. आईचा व्हिडिओ कॉल आला की मी त्या कोपऱ्यात जाऊन बसायचो. कॉल संपला की उरलेल्या खोलीत परतायचो. तिथे माझे बाकीचे कपडे, नूडल्सची रिकामी पाकिटं आणि मी असे गुण्यागोविंदाने नांदत होतो.

या कोपऱ्याच्या जोरावर साताऱ्यात माझा लौकिक झाला होता. मुलगा जर्मनीत आखेनला आरडब्ल्यूटीएचमध्ये मास्टर्स करतो, स्वतः रांधून खातो, जर्मन तर फाडफाड बोलतो. यातलं पहिलं खरं होतं. शिक्षण सगळं इंग्रजीतून, त्यामुळे माझं जर्मन बेकरीपर्यंत जाऊन थांबलं होतं. नमस्कार, तो ब्रेड, पिशवी नको, धन्यवाद. पण कॉल चालू असताना मागून कुणी जर्मनमधून काही बोललं की मी गंभीरपणे मान डोलवायचो, आणि ती मान साताऱ्याला दिसायची.

अशात आई-बाबा आणि आत्या यांनी यायचं ठरवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, तरी तिच्यासमोर बाबा अजून खिशातले हात बाहेर काढून उभे राहतात. शेंगेन व्हिसासाठी प्रत्येकाचा किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो हे ऐकून ती म्हणाली, "एवढ्या किमतीची मी अख्खी नाही, आजारी पडले तर कशाला एवढे पैसे घालायचे?"

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हे मी फोनवर जाणकाराच्या संथ आवाजात समजावून सांगितलं.

"म्हणजे कंदी पेढेसुद्धा?"

"सुद्धा."

पलीकडे कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. आत्याने पेढे तरीही घेतलेच, आणि कायदा पाळायची आपली आपण तोड काढली. फ्रँकफर्टला विमान टेकायच्या आत तिने पुढच्या-मागच्या रांगांना ते वाटून टाकले. मी बाहेर फुलं घेऊन उभा होतो. एकेक अनोळखी गोरा माणूस आत्याला हात जोडून पुढे जात होता, आणि माझ्या वाटणीला रिकामं खोकं आलं.

खोलीत शिरल्यावर आईने चारी भिंती पाहून घेतल्या. मग विचारलं, "आणि ती दुसरी खोली?"

"कुठली?"

"बाप्पाची. फोनवर दिसते ती."

मी कोपरा दाखवला. ती काहीच बोलली नाही, नुसता पदर खोचला. ती बोलली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत खोलीत कोपरे चार झाले आणि माझ्या वस्तू सापडायच्या बंद झाल्या. मी मजल्यावरच्या एका मित्राकडे जमिनीवर पथारी टाकली.

स्वयंपाकघर आमच्या मजल्याचं सामाईक. तिथे माझ्या शेजारच्या खोलीतल्या तुर्की मुलीशी आत्याची गाठ पडली. ती मुलगी आणि मी कित्येक महिने एकमेकांना फक्त "हॅलो" म्हणत होतो. आत्याने तिला पहिल्याच संध्याकाळी थालीपीठ खाऊ घातलं आणि तिच्या आजीच्या संधिवाताची चौकशी केली. बदल्यात ती आत्याला मागच्याच गल्लीतल्या तुर्की दुकानात घेऊन गेली. तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, कोवळी वांगी, दाणेदार डाळी, सगळं मांडून ठेवलेलं. मी आजवर सुपरमार्केटातून कोथिंबीर कुंडीसकट विकत आणत होतो. चार काड्या खुडायच्या आणि मग रोपाच्या मरणाची वाट पाहायची.

"इतकं जवळ आहे दुकान, आणि तू म्हणायचास इथे काही मिळत नाही," आई म्हणाली.

"मिळतं, पण... शोधावं लागतं," मी म्हणालो. आत्याने ते कसं शोधलं, हे न विचारायचा मोठेपणा आईने दाखवला.

गेलेली पत सावरायला मी त्यांना कॅथेड्रल दाखवायला काढलं. आदल्या रात्री पाठांतर केलं होतं. मधला अष्टकोनी भाग राजा शार्लमेनने बांधवला, 814 मध्ये तो वारला तेव्हा त्याला इथेच पुरलं, आणि पुढे 936 ते 1531 या काळात तीसेक राजांचा राज्याभिषेक इथे झाला. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली 12 ठिकाणं जाहीर केली, त्यात हे एक. एवढं चढ्या आवाजात सांगून मी थांबलो, कारण एवढंच येत होतं. वरच्या मजल्यावरचं सिंहासन फक्त गाइडबरोबर पाहता येतं. इंग्रजी फेरीची तिकिटं काढली असती तर माझ्या जर्मनचा विषय निघाला असता. म्हणून मी ऐटीत जर्मन फेरीची काढली.

गाइडबाई बोलायला लागल्या की पाच-पाच मिनिटं थांबत नसत. त्या थांबल्या की तिघं माझ्याकडे पाहत.

"हे फार जुनं आहे," मी सांगे.

"एवढंच म्हणाली?"

"फारच जुनं आहे, असं म्हणाली."

सिंहासन म्हणजे साध्या संगमरवरी फरशा जोडून केलेली एक खुर्ची. सोनं नाही, रत्नं नाहीत. गाइडने बाजूच्या फरशीवरच्या काही रेघांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गवंड्यांनी माप घेताना मारलेल्या रेघा आहेत."

"मग लोक हसले का?" बाबांनी विचारलं.

"जर्मन विनोद वेगळा असतो."

आत्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. "गवंड्यांच्या कशाच्या, ही नवकंकरी आहे! आपल्याकडे लेण्यांत, देवळाच्या ओट्यावर कोरलेली असते ना, तीच." आणि माझ्याकडे न पाहता तिने थेट गाइडला शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत विचारलं. बाईंचा चेहरा उजळला. त्या माझ्याहून चांगल्या इंग्रजीत म्हणाल्या, बरोबर, हा खेळाचाच पट आहे. या फरशा जेरुसलेमहून आणल्या अशी समजूत आहे. उरलेली फेरी त्यांनी दोन भाषांत घेतली, निम्मी आत्यासाठी. मी मागे तीन पर्स आणि एक छत्री सांभाळत उभा होतो. बाबांचीही एक पर्स असते, हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर पडून थोडं चाललं की खांबांच्या मंडपासारखी एक इमारत लागते, एलिझेनब्रुनेन. तिथे जवळपास 50 अंशांचं गंधकाचं पाणी सतत वाहतं आणि आसमंतात कुजक्या अंड्यांचा वास भरून राहतो. मी रोज त्या चौकातून श्वास रोखून जात आलो होतो.

"ड्रेनेज फुटलंय वाटतं," आईने पदर नाकाला लावला.

बाबांनी मात्र छाती भरून श्वास घेतला. "वज्रेश्वरी!" ते ओरडले. "अक्का, अगदी वज्रेश्वरीचा वास!"

पाणी पिऊ नका अशी पाटी आहे. बाकी कशालाही मनाई केलेली नाही, हे आत्याने माझ्याकडून खात्री करून घेतलं आणि ओंजळीओंजळीने गुडघे शेकायला बसली. आईने डोळ्यांना लावलं. शेजारी एक जपानी कुटुंब फोटो काढायचं थांबून हे पाहत होतं. थोड्या वेळाने त्यांच्या आजोबांनीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी खांबाआड सरकलो. ओळखीचं कुणी दिसायला नको होतं, म्हणून अर्थातच माझ्या विभागातले दोघं तिथून गेले आणि "तुमचे आई-वडील का? किती छान!" असं म्हणून आत्याशी बोलत उभे राहिले.

या गरम पाण्यासाठीच शार्लमेन इथे येऊन राहिला होता, हे मात्र मला माहीत होतं. मी ते सांगितलं. त्यावर आत्याने त्याचं चरित्र लिहिणाऱ्या आइनहार्डची गोष्ट काढली. राजाला डॉक्टर आवडत नसत, कारण ते त्याला भाजलेलं मांस सोडून उकडलेलं खायला सांगायचे. शेवटी शेवटी तर तो एका पायाने लंगडायचा, तरी डॉक्टरांचं ऐकायचा नाही. बाबांना कोलेस्टेरॉलपायी तळलेलं बंद होऊन बराच काळ झाला आहे. "शहाणा राजा होता," ते भरल्या आवाजात म्हणाले. त्या क्षणापासून शार्लमेन हा आमच्या घरचा माणूस झाला.

खरा घोटाळा रविवारी झाला. रविवारी दुकानं बंद असतात, हे मी सांगायला विसरलो नव्हतो. घरून चहाचे दोन-दोन कप घेऊन निघू नका, हे मात्र सांगितलं नाही. तासाभराने बाबांनी रस्त्याच्या पलीकडून मला करंगळी दाखवली, शाळेत मास्तरांना दाखवतात तशी उंच धरून. मी फोनवर शौचालय शोधू लागलो. तेवढ्यात बसथांब्यावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा फुलला. आणि त्यांनी उजव्या हाताची करंगळी उंच केली.

बाबांना वाटलं, यांनाही लागली आहे. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि करंगळी आणखी वर नेली. गृहस्थांनीही नेली. मग आजोबांनी हसत बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं चालू लागले. बाबा निश्चिंत होते, बरोबरच्या माणसाला जागा माहीत असणार. मी सिग्नलला अडकलो. इथे लाल दिवा असताना रस्ता ओलांडायचा नाही, हा धडा मी घरी फोनवर फार वेळा दिला होता.

पोचलो तेव्हा बाबा एका कॅफेत बसले होते. समोर मोठा कप कॉफी. चेहऱ्यावर कसोटीच्या शेवटच्या षटकातला भाव. आजोबा बायकोला उत्साहाने काहीतरी सांगत होते. मला कळलेल्या जर्मनचा अंदाज घेऊन मी बाबांना म्हणालो, "यांनाही प्रोस्टेटचा त्रास दिसतो."

मग आजोबा इंग्रजीकडे वळले. आखेनमध्ये एके काळी सुयांचे कारखाने होते. कामगार सुया निवडताना सदोष सुई करंगळीने बाजूला काढत. तेव्हापासून वर केलेली करंगळी ही आखेनकरांची खूण आहे. परगावात आखेनचा माणूस भेटला की करंगळी दाखवून ओळख पटवतात. भारतातून आलेल्या माणसाने ती खूण करावी याचं त्यांना अपार कौतुक वाटलं होतं. गावात या खुणेचा पुतळासुद्धा आहे, त्यांनी विचारलं, मुलाने दाखवला नाही का?

मुलाने दाखवला नव्हता. मुलगा त्याच्या शेजारून रोज सायकलने जात होता. आमच्याकडे या खुणेचा अर्थ काय, ते बाबांनी कसंबसं सांगितलं. आजोबांनी टेबलावर हात आपटून हसत त्यांना कॅफेच्या मागचा दरवाजा दाखवला. कॉफीचे पैसेही देऊ दिले नाहीत.

जवळच एका कारंज्यावर बाकाउफ नावाच्या दंतकथेतल्या प्राण्याचा पुतळा आहे. वासरासारखं धूड, अणकुचीदार दात. रात्री दारू पिऊन घरी निघालेल्याच्या खांद्यावर हे बसतं, वेताळासारखं. फरक एवढाच की याच्या विनवण्या केल्या तर ते जड होतं आणि शिव्या दिल्या तर हलकं. ही माहिती अर्थात आत्याने दिली. मी त्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. गेले काही दिवस मी सतत विनवण्याच करत होतो, आणि आत्याला शिव्या देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात, ती टेकडी आखेनहून बसने जवळ आहे. उंची सुमारे 322 मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं ते सर्वोच्च शिखर. "आपलं सातारा गावच याच्या दुप्पट उंचीवर वसलंय," बाबा न धापता म्हणाले. मी धापत होतो. सीमेच्या खांबाभोवती गोल फिरताना त्यांच्या भारतीय सिमवर तीन देशांची स्वागतं एकामागून एक आली. प्रत्येकाला त्यांनी मोठ्याने "थँक्यू" म्हटलं. आत्या माहितीफलक वाचत होती. इथे एके काळी चौथाही प्रदेश होता. जस्ताच्या एका खाणीवरून 1816 मध्ये प्रशिया आणि नेदरलँड्स यांचं जमेना, तेव्हा साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणाचाच नाही असा ठेवला, आणि तो पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमला गेला.

"म्हणजे सामाईक सातबारा," आत्या म्हणाली. "दोघा भावांची भांडणं आणि जमीन गेली तिसऱ्याला. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी वर्गात दोन मिनिटांत शिकवलं असतं."

ते परत गेले. तुर्की शेजारीण त्यांना सोडायला स्टेशनवर आली आणि रडली. मी रडलो नाही, कारण तिची समजूत घालत होतो. नंतरच्या आठवड्यात काकांचा फोन आला. त्यांनी आणि काकूंनी व्हिसाचा अर्ज भरला होता. मी घाईघाईने कॅथेड्रलच्या इंग्रजी फेरीच्या वेळा सांगू लागलो.

"तू अभ्यास कर बाबा," काका मायेने म्हणाले. "आत्याने त्या पोरीचा नंबर दिलाय आम्हाला. ती फिरवेल सगळं. तू फक्त स्टेशनवर ये, सामान उचलायला."