आमचा गट यलोत कधी?

शेतजमिनीवर पुणेकरांइतकं प्रेम दुसरं कुणी करत नसेल. शंका असेल त्याने रविवारच्या पेपरातल्या जाहिराती चाळाव्यात. शिवार, मळा, वाडी, नाहीतर मेडोज आणि फार्म्स. जे जे बुजवलं त्याचं नाव कमानीवर कोरलेलं. कमानीच्या आत एक रंगवलेली बैलगाडीही उभी असते. बैल नसतात, कारण जनावरांबाबत सोसायटीचे नियम कडक आहेत.

कायदाही प्रेमळच. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेताच्या इतक्या चिंध्या होऊ नयेत की औत वळवायला जागा उरणार नाही, हा त्यामागचा साधा विचार. हल्ली बहुतेक जिल्ह्यांत जिरायत वीस गुंठ्यांच्या आणि बागायत दहा गुंठ्यांच्या खाली विकता येत नाही. पण गिऱ्हाइकाला हवा असतो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. परवडतोही तेवढाच. मग एजंट दहा अनोळखी माणसं गोळा करतो, त्यांना चहा पाजतो आणि ती मिळून दहा गुंठे बागायत सामाईकात घेतात. सातबारा हळूहळू लग्नपत्रिकेसारखा दिसू लागतो. खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ एवढंच छापायचं राहिलेलं असतं.

त्यातही एक मेख आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून हिंजवडीत संगणकापुढे बसणारा मुलगा आजोबांच्या कोकणातल्या वरकस जमिनीचा उतारा शोधून काढतो, चुलत्यांची मनधरणी करतो, तलाठ्याच्या दारात उभा राहतो आणि शेतकरी होतो. एकदाचा शेतकरी झाला की तो शेतजमीन घेतो आणि तिथली शेती बंद करतो. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो आपणच काढायचा. कोपऱ्यात तुरीची चार झाडं ठेवली की काम भागतं. मागचा स्लॅब फोटोत येणार नाही एवढं मात्र जपावं लागतं.

एवढं करूनही कायदा मोडलाच, तर घाबरण्याचं कारण नाही. आपल्याकडे कायदा मोडणाऱ्याला शिक्षा नसते, मुदत असते. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतचे तुकडे नियमित करायचं ठरलं. झालं ते झालं, यापुढे नाही. यापुढे वीस वर्षं तेच झालं, म्हणून २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. २०२५ च्या जुलैत तर तुकडेबंदीतूनच शहरांलगतच्या एकेक गुंठ्याच्या तुकड्यांना मोकळं करण्याची घोषणा विधिमंडळात झाली. या वेळच्या घोषणेतली तारीख १ जानेवारी २०२५. ज्याने कायदा पाळून दहा गुंठ्यांची वाट पाहिली तो अजून भाड्याच्या खोलीत आहे. त्याच्यासाठी योजना नाही. त्याने काही केलंच नाही तर नियमित काय करणार?

यापेक्षा मोठा खेळ रंगांचा. विकास आराखड्यात शेती हिरवी आणि राहण्याची जागा पिवळी. मावळ, मुळशी, हवेलीतल्या चहाच्या टपरीवर आता पावसाची चौकशी कुणी करत नाही. ‘गट यलोत आला का?’, म्हणजे आपली जमीन पिवळ्या पट्ट्यात आली का, हा तिथला पहिला प्रश्न. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. टपरीवर ऐकू येणाऱ्या हरकती मात्र दोनच जातीच्या: रस्ता माझ्या वावरातून का, आणि माझं वावर हिरवं का. आमच्या भागातली सुपीक जमीन राखा, असं म्हणणारा एखादा असेलही. त्याला टपरीवर उधार चहा मिळत नसावा. २०२५ मध्ये तो आराखडाच गुंडाळला गेला. रंग पेटीत परत गेले आणि बांधकामांनी तेवढ्यासाठी काम थांबवल्याचं दिसलं नाही.

सरकारला स्वतःला जमीन लागते तेव्हाची गोष्ट वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १० आहे, ते फार सुंदर आहे. ओलिताची, एकाहून अधिक पिकं देणारी जमीन घ्यायची नाही. अगदीच दुसरा इलाज नसेल तेव्हा, शेवटचा उपाय म्हणून घ्यायची. आणि घेतलीच तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणून द्यायची किंवा त्यासाठी पैसे भरायचे. वाचून डोळे भरून येतात. मग पुढची ओळ येते: महामार्ग, रेल्वे, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना हे लागू नाही. म्हणजे रिंगरोडला नाही. आणि विमानतळासारखा आडवातिडवा प्रकल्प असेल तर त्याच्यासाठी एमआयडीसीचा १९६१ चा कायदा आहेच, त्यात असलं कलम नाही.

पुरंदरची सात गावं अशाच विमानतळासाठी रांगेत उभी आहेत. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी. इथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि विमानतळासाठी याच तालुक्याचं नावही त्याच वर्षी पुढे आलं. एका हाताने प्रमाणपत्र, दुसऱ्या हाताने मोजणी. हे अंजीर म्हणजे काय, ते पावसाळ्यातल्या खट्टा बहाराला आणि उन्हाळ्यातल्या मीठा बहाराला सासवडच्या बाजारात जाऊन बघावं. हलकी निचऱ्याची जमीन, कोरडी हवा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची छाटणी, तेव्हा ते तसं उतरतं. ते सुंदर कलम १० म्हणतं, दुसरीकडे पडीक जमीन तयार करा. करूही. अंजिराला तेवढं कळवायचं राहिलं आहे. २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला गेले तेव्हा गावकरी आडवे आले आणि पोलिसांशी झटापट झाली. ड्रोन वरून बघतो, त्याला खाली झाड आहे की झुडूप हे कळत नाही. भरपाईचा तक्ता करणाऱ्यालाही बहुधा कळत नाही.

इथे शेतकऱ्याला नावं ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गळ्यात साखळी आणि दारात पांढरी गाडी दिसली की आम्ही लगेच ‘गुंठामंत्री’ म्हणून हसतो. हसणारे बहुतेक त्याच्याच गुंठ्यावर राहतात. त्याचा हिशेब आम्ही कधी मांडत नाही. मांजरीच्या बाजारात मेथीची जुडी पाच रुपयांना मागायची, तिच्यातही कोथिंबीर फुकट मागायची आणि वर म्हणायचं, शेती टिकली पाहिजे हो. खडकवासल्याचा कालवा हडपसरवरून दौंड-इंदापूरकडे गेला तो शेतीसाठी. आता पाणी आधी शहर पितं, वापरून झालेलं शुद्ध करून मुंढव्यावरून बेबी कालव्यात सोडतं. शेताने आपलं उष्टं पाणी प्यावं आणि हिरवंगार राहून आपल्या गॅलरीतून दिसावं, एवढीच शहराची अपेक्षा असते. हिरवं राहण्याचा खर्च गॅलरीवाल्याने द्यावा असं मी एकदा सोसायटीच्या सभेत सुचवलं. विषय पत्रिकेत नव्हता. मगरपट्ट्यातल्या शंभरावर कुटुंबांनी तरी उसाच्या चारशेहून अधिक एकरांवर स्वतःची कंपनी काढली, बिल्डरला विकण्याऐवजी बिल्डरच झाले. माणसं वाचली, हे मोठंच झालं. ऊस गेला.

एका साइटवर एजंटला विचारलं, “दादा, सगळी वावरं अशी गेली तर भाजी कुठून येणार?”

“कुठून म्हणजे? ॲपवरून! दहा मिनिटांत दारात येते, सर.”

हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेत आली, आणि त्यांतल्या काही आडमुठ्या लोकांनी अजून पेरणी चालूच ठेवली आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांना पहाटे मोटारीचा आवाज येतो, शेणखताचा वास येतो, पाचटाचा धूर येतो, ट्रॅक्टरमुळे शाळेची बस अडते. खरं अनधिकृत काम ते हेच. तेव्हा सरकारने शेती नियमितीकरण योजना आणावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पिवळ्या पट्ट्यात ज्वारी सापडल्यास चालू बाजारभावाने दंड घ्यावा. विहिरीला पूर्णत्वाचा दाखला असावा. गोठ्याला पार्किंगचा नियम लावावा, बैलजोडीमागे एक चारचाकी. अर्जासोबत सातबारा, ई-पीकपाहणीचा फोटो (मागे स्लॅब दिसणारा चालेल) आणि शेजारच्या तीन टॉवरांचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं.

या योजनेची मुदत मात्र वाढवून मिळणार नाही.