लघुपिस्तूलमीमांसा

आमचा भाचा टेक्सासात राहतो. श्रावण-भाद्रपदात त्याच्याकडे मुक्कामाला होतो. एका शनिवारी सकाळी तो आरशापुढे उभा राहून म्हणाला, "मामा, नीट बघा हं. काही दिसतंय का?"

आम्ही नीट पाहिले. पोट दिसत होते. तसे सांगताच त्याचा चेहरा खुलला, कारण पोटाच्या उजव्या अंगाला, पँटच्या पट्ट्याच्या आत, एक पिस्तूल होते आणि ते दिसू नये यासाठीच ही परीक्षा चालली होती. प्रस्तुत शास्त्राचा उगम हा असा घरगुती आहे.

प्रथम लक्षण. लपते ते लहान पिस्तूल, अशी व्याख्या भाच्याने केली. तिच्यात अतिव्याप्ती आहे. जाड कोटाखाली खलबत्तासुद्धा लपतो. कारखानदार म्हणतील ते लहान, असे मानावे तर आणखी पंचाईत. ज्याला ते 'कॉम्पॅक्ट' म्हणतात ते ग्लॉक 19 साडेअठरा सेंटीमीटर लांब, आणि रिकामे असताना सहाशे ग्रॅमच्या घरात. हे लहान कोणाच्या मानाने? तर त्याच घराण्यातल्या 1982 च्या ग्लॉक 17 च्या मानाने. थोरल्यापेक्षा पावणेदोन सेंटीमीटर उतरला, एवढ्या पुण्याईवर धाकट्याला 'लहान' ही पदवी मिळाली. त्याच्याही खाली 'सबकॉम्पॅक्ट' आणि 'मायक्रो-कॉम्पॅक्ट' या पोटजाती आहेत. आमच्याकडे आंब्यांचीही इतकी बारीक प्रतवारी होत नाही.

आता पिस्तूल मुळात लहान का झाले? पूर्वपक्ष म्हणतो, खिशासाठी. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने खिशात मावणारी, एकाच गोळीची पिस्तुले बनवली आणि 14 एप्रिल 1865 रोजी फोर्ड्स थिएटरमध्ये बूथने त्यातल्याच एकाने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. ते पिस्तूल जेमतेम पंधरा सेंटीमीटरचे. नकला करणाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या नावात एक 'आर' जादा घातला आणि इंग्रजीत तोच रुळला. मराठीत दोन्ही नावे एकाच 'रि'त भागतात, हा आपल्या लिपीचा मोठेपणा येथे नोंदवून ठेवतो. पुढे कोल्टने 1903 साली 'पॉकेट हॅमरलेस' काढले. नावाप्रमाणे त्याला घोडा नसावा, पण घोडा आहे. तो आत झाकलेला आहे, म्हणजे खिशातून काढताना अस्तरात अडकत नाही. नुसता झाकल्याने पदार्थाचा अभाव सिद्ध होतो, हे न्यायशास्त्रात आम्ही कोठेही वाचलेले नाही.

उत्तरपक्ष मात्र कायद्याकडे बोट दाखवतो, आणि आमचे मत त्याच बाजूला आहे. 1968 च्या अमेरिकन कायद्याने आयात पिस्तुलांना लांबी, वजन वगैरेंवरून गुण द्यायला सुरुवात केली. त्या परीक्षेत जर्मनीचे वॉल्थर पीपीके, म्हणजे जेम्स बाँडचे पिस्तूल, आकारात नापास झाले. कारखान्याने मग त्याचा वरचा भाग थोरल्या 'पीपी'च्या सांगाड्यावर बसवला, नावापुढे एक 'एस' लावला आणि पोरगे वरच्या वर्गात गेले. पुढे 1994 च्या कायद्याने उलटे केले. नव्या मॅगझिनमध्ये दहाहून जास्त काडतुसे नकोत, असे ठरले. दहाच भरायची, तर एवढा मोठा सांगाडा पोसायचा कशाला? 1995 साली ग्लॉक 26 आले ते बरोब्बर दहा काडतुसांचे. लोक त्याला लाडाने 'बेबी ग्लॉक' म्हणतात. तो कायदा 2004 साली सरला, पण लहानपणाची गोडी गेली नाही. 2018 च्या सिग पी365 ने तीच दहा काडतुसे अर्ध्या किलोच्या आणि मोबाइलएवढ्या लांबीच्या पिस्तुलात बसवली. नावातला 365 म्हणजे वर्षाचे दिवस. लीप वर्षात एक दिवस काय करायचे, याविषयी कारखान्याने मौन पाळले आहे.

दुकानातला प्रसंग सविस्तर सांगितला पाहिजे. काउंटरवर रबराची चटई आणि तिच्यावर चार पिस्तुले मांडलेली. विक्रेता प्रत्येक पिस्तूल हातात घेऊन आधी उघडून, रिकामे असल्याची खात्री करून मगच पुढे करी. ही शिस्त आम्हांला फार आवडली. भाच्याने सर्वांत छोटे उचलले. मूठ आवळली तर करंगळीला जागाच नाही! चार बोटांच्या घरात तीनच खोल्या. बिचारी चहाच्या कपावर असते तशी खाली लोंबकळत राहिली. त्यात अडचण अशी, की पिस्तूल जितके हलके तितका हाताला धक्का जास्त. न्यूटनने याबाबत लहान गिऱ्हाइकाला सवलत ठेवलेली नाही. करंगळी अधांतरी असली की तो धक्का सावरणे आणखी कठीण. म्हणून मॅगझिनच्या बुडाला लावायचा एक प्लॅस्टिकचा ओठ वेगळा विकत मिळतो, केवळ करंगळी टेकण्यासाठी. तो लावला की मूठ पूर्ण बसते आणि पिस्तूल पुन्हा पहिल्याइतके उंच होते. भाच्याने ओठ विकत घेतला. विक्रेत्याचा चेहरा निर्विकार होता.

(आपल्याकडे हा वादच उद्भवत नाही. नऊ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य परवानाधारकाला निषिद्ध बोअरात मोडतात. त्याने .32 वर समाधान मानावे आणि वेळोवेळी नूतनीकरणाच्या कागदांची फाइल सांभाळावी. फाइल पिस्तुलापेक्षा जड असते.)

आता मुख्य प्रमेय. पिस्तुलाची आकृती कपड्यावर उमटण्याला या पंथात 'प्रिंटिंग' म्हणतात. डोंगरावर धूर दिसला की तेथे आग आहे, हे अनुमान शेंबड्या पोरालाही कळते. पण कमरेवर फुगवटा दिसला की तेथे पिस्तूल आहे, हे अनुमान टिकत नाही. यातला हेतू सव्यभिचारी आहे: फुगवटा मोबाइलचा असतो, इन्सुलिन पंपाचा असतो, पन्नाशीनंतर तर नुसत्या जेवणाचाही असतो. आणि आग असून धूर नाही, याला नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त देतात. नीट लपवलेले पिस्तूल म्हणजे अक्षरशः हाच दृष्टान्त, फक्त न तापलेला.

यातली मेख बहुतेकांना उशिरा कळते. नळी कितीही लांब असो, ती पँटच्या आत उतरते आणि गप्प बसते. चुगली करते ती मूठ. म्हणजे लांबी वाचवून फायदा थोडा. वाचवायची ती उंची आणि जाडी. भाच्याला हे ज्ञान तीन होल्स्टर विकत घेतल्यावर झाले. त्याच्या कपाटात होल्स्टरांचा एक खण आहे आणि भाचेसून त्याला 'चपलांचा खण' म्हणते. कमरेचे हे लोक घड्याळ करतात: बेंबी बारा वाजता, उजवी कूस तीन वाजता, पाठीचा कणा सहा वाजता. भाचा आधी चारला लावत असे. चारला उभे राहताना उत्तम लपते, पण वाकून पोराच्या बुटाची नाडी बांधायला गेले की शर्ट ताणून मूठ वर येते. मग तो एकला आला. एकला वाकताना लपते, पण बसताना पोटात रुतते. सध्या तो वाकायचे असल्यास सरळ पाठीने गुडघ्यांवर बसतो. उठाबशांचा व्यायाम आपोआप होतो. शर्ट एक माप मोठा झाला, पँट कमरेला दोन इंच वाढली, पट्टा ताठ आणि दुहेरी चामड्याचा आला. पिस्तूल मात्र होते तेवढेच आहे. कोणते पिस्तूल निवडावे, असे विचारत लोक दुकानात येतात. त्यांना आधी शिंप्याकडे पाठवावे, असे आमचे मत झाले आहे.

आलिंगन हे स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकेत भेटले की मिठी मारतात. भाचा समोरून येणाऱ्याला डावा खांदा देऊन अर्धीच मिठी मारतो. लपवलेले शस्त्र आणि मिठी यांचा संबंध मराठी माणसाला कोणी शिकवावा? 10 नोव्हेंबर 1659 चा प्रतापगड त्याला पाठ असतो. अंगरख्याखालचे चिलखत आणि तळहातातली वाघनखे यांत 'प्रिंटिंग' अजिबात नव्हते. मात्र तेथे मिठीत काय होणार याची अटकळ आधीच होती. भाच्यासमोर असतात ते ऑफिसातले अकाउंट्सवाले.

एक शंका उरते. टेक्सासात 2016 पासून परवानाधारकाला पिस्तूल उघड लावता येते. 2021 च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवानाही लागत नाही. मग लपवायचे कशाला? आम्ही हे विचारले तेव्हा भाचा ओशाळून म्हणाला, "चारचौघांत बरं दिसत नाही हो, मामा." सातासमुद्रापार गेला तरी सदाशिव पेठ सुटत नाही.

भाद्रपदात मंडळाच्या गणपतीला जायचे ठरले आणि शास्त्रापुढे खरी कसोटी उभी राहिली. पोशाख झब्बा-लेंगा. झब्ब्यासारखे आवरण नाही: गुडघ्यापर्यंत घोळदार, खाली तोफ असली तरी दिसणार नाही. पण लेंग्याला नाडी! ताठ पट्ट्यासाठी जन्मलेले होल्स्टर नाडीला अडकवले, भाचा दोन पावले चालला आणि लेंगा उजवीकडून गुडघ्याच्या दिशेने निघाला. नाडी दोन फेऱ्यांनी बांधली, गाठ सरकली. लेंग्यावरून पट्टा बांधला, तर झब्ब्याला मधोमध कंबर आली. पाऊण तास हा प्रयोग चालला होता. भाचेसून मोदकांचा डबा घेऊन दाराशी उभी होती. तिने फोनवरचे निमंत्रण शेवटपर्यंत वाचले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये आहे."

शाळेच्या इमारतीत पिस्तुलाला तेथे कायद्याने मनाई. दुकाने-कार्यालयांच्या दारावर इंचभर उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, मनाईची पाटी असते. कायद्याच्या कलमावरून तिला '30.06' म्हणतात आणि त्याच आकड्याचे रायफलचे एक प्रसिद्ध काडतूस आहे. शाळेला तेवढीही पाटी लागत नाही. भाच्याने होल्स्टर सोडले, पिस्तूल तिजोरीत ठेवले आणि नाडी साध्या सरगाठीने बांधली.

आरतीच्या वेळी आमचे लक्ष त्याच्या झब्ब्याकडे गेले. उजव्या बाजूला, साधारण तीनच्या सुमारास, ठसठशीत फुगवटा होता. पलीकडचे एक काका तिकडे दोनदा बघून सरकून उभे राहिले. भाच्याने खिशात हात घालून पितळी झांजांची जोडी काढली. आरती संपल्यावर आम्ही ती हातात घेऊन तोलली. अर्धा किलो असेल.