पाणाड्याच्या नारळास अनावृत पत्र

प्रति,
मा. नारळ महोदय,
द्वारा : पाणाड्याचा तळहात, ता. बदनापूर, जि. जालना

विषय : बोअरची जागा दाखवण्याच्या अधिकाराचा पुरावा मिळणेबाबत.

नारळाने जमिनीखालचे पाणी दाखवण्याची रीत मराठवाड्यात अजून चालू आहे. पाणाडी अनवाणी शेतात उतरतो, सोललेला नारळ शेंडी बोटांकडे करून उघड्या तळहातावर आडवा ठेवतो आणि धुऱ्याच्या कडेने चालू लागतो. जिथे नारळ ताडकन उभा राहतो तिथे दगड मांडतात, कुंकू वाहतात, उदबत्ती लावतात. मग बोअरची गाडी येते. भाव फुटावर, केसिंग पाइपाचे वेगळे. फुफाटा उडत राहतो, घरची माणसे तोंडाला पदर-उपरणे लावून तो ओला व्हायची वाट बघतात, आणि तीनशे फुटांवरही झाला नाही तर बोअर फेल गेला असे म्हणतात. नारळ फेल गेला असे कोणी म्हणत नाही. झरा सरकला, गाडीवाल्याने हातभर जागा चुकवली, कोणाचा तरी विटाळ झाला, असे खुलासे तयार असतात. पैसे मात्र फुटाने मोजून द्यावेच लागतात.

या भागाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण थरावर थर बसलेला आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात साठते. म्हणून एका बांधाला दोन इंची पाणी आणि पलीकडच्या बांधाला ठणठणाट, हे नेहमीचे. पावसाळा चांगला झाला की उथळ मुरमात पुष्कळ ठिकाणी ओल लागतेच, आणि ते यशही नारळाच्या खात्यावर जमा होते.

नारळ उभा राहतो यात पाणाड्याची लबाडी असेलच असे नाही. मनातल्या अपेक्षेने स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडले. तळहातावर डळमळत्या नारळाला तेवढी हालचाल पुरते. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ सरकवत ठेवून वरच्या मजल्यावरच्या पाणाड्यांची परीक्षा झाली. निवडक ४३ जणांपैकी बहुतेकांना नळाचा पत्ता लागला नाही. थोड्यांना लागला असे आयोजकांनी म्हटले. आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना तोही योगायोगच वाटला.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजतो आणि शेवटी ‘शक्यता’ सांगतो. शक्यतेवर सावकाराकडे जायला जीव धजत नाही. नारळ खात्री देतो. नारळाच्या धंद्याचे मूळ अज्ञानापेक्षा या खात्रीत आहे, असे अर्जदाराचे मत. बदनापूरच्याच कृषी संशोधन केंद्राचे तुरीचे बीडीएन-७११ हे वाण शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधी हंगामामागून हंगाम चाचणीच्या वाफ्यांत उभे होते. नारळाला एक हंगामही थांबावे लागले नाही.

धर्माबाबत अर्जदाराची तक्रार नाही. सोमठाण्याच्या रेणुकामातेपुढे वाढवलेला नारळ कसलाच दावा करत नाही. तळहातावरचा करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला; मात्र कशाला हा कायदा लागू नाही त्या यादीत ज्योतिषांच्या बरोबरीने पाणाड्यांचा सल्लाही बसवलेला आहे. इतकी कायदेशीर सोय संशोधन केंद्राच्या तुरीलाही नाही.

राजकारणाचा नारळ आणखी उंच जातो. २०१९ च्या दुष्काळात शासनाने कृत्रिम पावसासाठी ३० कोटी रुपये मंजूर केले, ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमान ढगांत शिरले आणि ऑक्टोबरात विधानसभेचे मतदान झाले. ढगात क्षार फवारणे हे शास्त्र आहे. पण पडलेल्या पावसातला किती विमानाचा आणि किती ढगाचा स्वतःचा, हे वेगळे काढणे शास्त्रज्ञांनाही जड जाते. पत्रकांना ती अडचण आली नाही. नारळाला लावलेला संशय विमानालाही लावावा, एवढेच अर्जदाराचे राजकारण.

उरली खासगी बाब. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारचे वाटप सुरू झाले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तरी शेतकऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागतो, ओटीपी येईपर्यंत रेंजसाठी बांधावर चढावे लागते, ई-पीक पाहणीत उभ्या पिकाचा फोटो जागेसकट पाठवावा लागतो, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही काढावा लागतो. आपण आपणच आहोत हे तो वर्षभर सिद्ध करत असतो. लाखभराचा खड्डा दाखवणाऱ्या नारळाची केवायसी मात्र आजवर कोणी मागितलेली नाही.

सबब विनंती की, नारळ महोदयांनी एकाच शेतात आधी डोळस आणि मग डोळे बांधलेल्या पाणाड्याच्या हातून दहा-दहा जागा दाखवाव्यात. दोन्ही वेळच्या खुणा जुळल्या तर अर्जदार पहिल्या बोअरचे केसिंग स्वखर्चाने देईल. न जुळल्यास चटणीसाठी खोबरे जमा करून घेतले जाईल.

बदनापूर तालुक्यातील एक साशंक खातेदार

प्रत माहितीस्तव : १) लिंबाची बेचकी २) तांब्याच्या दोन सळ्या