मिस्तरीचं चुकत नसतं

मिस्तरीच्या हातून आजवर काहीही चुकलेलं नाही. नट मुळातच ढिला होता, वायसर कंपनीनंच पातळ दिला होता, आणि उरलेल्या सगळ्या पापांचा धनी मागचा मिस्तरी. हा मागचा मिस्तरी कोण, ते कुणालाच कळत नाही. गाडी शोरूममधून निघाल्यापासून याच्याच हाताखाली असली तरी तो असतोच.

नायगावातून नांदेड-हैदराबाद रस्ता जातो. त्याच्या कडेला ऑइलनं काळी पडलेली जमीन दिसली की गॅरेज आलं. पाटी लागत नाही. नरसीपासून कुंटूर-बरबड्यापर्यंतच्या गाड्या इथं येतात. कुणी शेतावर निघालेला, कुणी कृष्णूरच्या एमआयडीसीत पाळीला, कुणी नांदेडाहून अपडाऊन करणारे गुरुजी. जिकडं बघावं तिकडं स्प्लेंडर. ही गाडी १९९४ साली आली, ९७.२ सीसीचं इंजिन घेऊन, आणि त्याच सुमारास मिस्तरी शाळा सोडून पाने पुसायला बसला. पुढं इंजिन फारसं बदललं नाही, मिस्तरीही नाही. त्यामुळं तो तिचं काम न बघता करतो. घोळ होतो तो तिथंच.

गुरुजी ऑइल बदलायला गाडी लावतात. मिस्तरीच्या कानाला मोबाइल, पलीकडं मेव्हणा, विषय सोयाबीनचा भाव. भाव पडल्याचं कळतं आणि त्या तिरमिरीत सतराचा पाना जरा जास्तच फिरतो. नट पोलादी, इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं. नटाला काही होत नाही, खोक्यातले आटे जातात. हेच ज्ञान मिस्तरी एरवी दिवसभर फुकट वाटत असतो.

सकाळी गुरुजींच्या अंगणात काळं थारोळं.

आता "तुम्ही आटे घालवले" असं तोंडावर म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. गुरुजी मुरलेले आहेत. ते गाडी उभी करतात आणि रस्त्याकडं बघत म्हणतात, "मिस्तरी, गाडी जरा ऑइल टाकायली बगा."

मिस्तरी वाकतो. बोटाला ऑइल लावून वास घेतो.

"गाडी खड्ड्यात आदळली का कुठं?"

"न्हाई बा."

"मग पोरानं नेली असंल."

"पोरगं पुण्याला हाय."

"दिवाळीला आलतं की!"

यावर गुरुजींकडं उत्तर नसतं. मग हाताखालच्या बारक्याची पाळी. "तुला किती डाव सांगितलं, नट आदी हातानं बसवायचा, मग पाना!" बारक्या त्या दिवशी माळेगावला खंडोबाच्या यात्रेत होता. तरी तो मान खाली घालतो. हेही त्याच्या शिक्षणात धरलेलं आहे.

गुरुजींना कायदा ठाऊक नाही असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, नांदेडला जिल्हा आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, आणि बिल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण इथं बिल म्हणजे ऑइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडलेली बेरीज, आणि तो पुठ्ठा आता गॅरेजवरच कुणाच्या तरी गाडीखाली अंथरलेला. शिवाय आयोगात जिंकलं तरी पुढच्या खेपेला ऑइल बदलायचं कुणाकडं?

चहा येतो. गुरुजींना शाळेला उशीर नको म्हणून मिस्तरी स्वतःची गाडी देतो; तिचा ब्रेक लागत नाही, हे निघताना सांगतो. इंजिन लेथवाल्याकडं जातं, नवे आटे पडतात, ओव्हरसाइज नट बसतो. संध्याकाळी गाडी हातात येते तेव्हा चेन ताणलेली असते, क्लच मऊ झालेला असतो, आणि सांगून सांगून थकल्यावर गुरुजींनी ज्याचा नाद सोडला होता तो हॉर्नही वाजू लागलेला असतो.

"किती झाले?"

"राहू द्या."

माझ्या लेखी हा कबुलीजबाब आहे. शहरातल्या शोरूमचा माणूस 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणतो आणि बिल पुढं सरकवतो, इथं उलटं. त्यात आणखी एक मेख आहे. कायद्यानं 'सेवा' या व्याख्येतून फुकटची सेवा वगळली आहे. म्हणजे या दुसऱ्या दुरुस्तीत काही चुकलं तर आयोगाचाही इलाज नाही. मिस्तरीनं कायदा वाचलेला नाही. गरजही पडलेली नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, नव्या गाड्यांतून काब्रेटर गेला, इंजेक्शन आलं. मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे सांगायला यंत्र जोडावं लागतं. गुरुजींच्या मनात नवी गाडी घ्यायचं आहे. त्यांनी सल्ला विचारला.

"घेऊ नका, गुरुजी," मिस्तरी म्हणाला. "तिच्यात सगळे सेन्सर. बिगडली तर चूक कुणाची, ते यंतर लगीच सांगतंय."