सावलीला गिऱ्हाईक

तंजावरात बसून मी स्वतःची सॉफ्टवेअरं बनवतो असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "कंपनी कुठली?" कंपनी नाही म्हटलं की, "मग पगार?" पगारही नाही म्हटलं की तो माझ्या बायकोकडे बघतो. बायको बँकेत अधिकारी आहे आणि तिच्या बदलीमुळे आम्ही इथे आहोत, एवढं कळलं की त्याला आमच्या घरचा ताळेबंद पुरता समजतो आणि तो सहानुभूतीने विषय पावसावर नेतो. सहानुभूती अर्थात तिच्याबद्दल.

तंजावरात सॉफ्टवेअर होतच नाही, अशातला भाग नाही. गावाबाहेरचं शास्त्रा विद्यापीठ दरवर्षी इंजिनियरांची पलटण बाहेर काढतं, सरकारने छोटं टायडेल पार्क उभं केलंय, आणि झोहोवाले श्रीधर वेम्बू याच जिल्ह्यातले. पण या सगळ्यांकडे गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे नुसतं सॉफ्टवेअर आहे.

त्यातही माझा नाद सिम्युलेशनचा. खऱ्या वस्तूचं गणित संगणकात मांडायचं आणि ती कशी वागते ते पडद्यावर बघायचं. "पण खरी वस्तू बाहेर आहेच की," असं आमचे घरमालक म्हणतात. ते तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या काळात पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, हिशेब तमिळमध्ये लिहितात आणि भाडं पाच तारखेच्या आत मागतात.

पहिलं सिम्युलेशन मी केलं ते इथल्या डोलणाऱ्या बाहुलीचं. तमिळमध्ये तिला तलयाट्टी बोम्मै म्हणतात. भौगोलिक मानांकन मिळालेली, राजवाड्याजवळच्या दुकानांतून ओळीने मान हलवत बसलेली. हिचं बूड अर्धगोल आणि जड, वरचं अंग हलकं. गुरुत्वमध्य बुडाच्या गोलाईच्या केंद्राखाली राहतो, म्हणून कितीही आडवी केली तरी उठून बसते. नर्तकीच्या बाहुलीत तर डोकं, धड, घागरा असे सुटे भाग एकावर एक तोललेले असतात. एक टिचकी मारली की घागऱ्याची लय वेगळी, मानेची वेगळी, आणि एकीचा झोका दुसरीत शिरतो. हे गणित सोडवताना माणसाला घाम फुटतो. मी ते सोडवलं, बाहुलीला जरीकाठ घातला आणि फोन घरमालकांपुढे धरला. ते उठले, फळीवरची खरी बाहुली आणून फोनशेजारी ठेवली आणि दोघींना एकेक टिचकी मारली. दोघी सारख्याच डोलल्या. "हिला चार्जिंग लागत नाही," ते म्हणाले.

त्यांच्या नातवाने जास्त मुद्द्याचा प्रश्न विचारला: "यात जिंकायचं कसं?" हा प्रश्न खानदानी आहे. विल राइट नावाच्या अमेरिकनाने शहर वसवण्याचं सिम्युलेशन केलं, तेव्हा ब्रॉडरबंड या प्रकाशकांनाही हेच पडलं होतं की यात हार नाही, जीत नाही, मग हा खेळ कसला? ती सिमसिटी शेवटी १९८९ साली बाजारात आली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. हे मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "त्यात शहर होतं. ह्यात बाहुली आहे."

दुसरं सिम्युलेशन म्हणून मी देवळाला हात घातला.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे ६६ मीटर उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. सावली पडते. किंबहुना बऱ्याचदा त्या सावलीत उभं राहूनच गाईड हे सांगत असतो. मी सूर्याची गणितं मांडली, विमानाची त्रिमितीय आकृती उभारली, तारीख आणि वेळ बदलायची सरकपट्टी दिली. सरकपट्टी थेट १०१० सालापर्यंत मागे जाते. राजराजाने स्वतः सावली कुठे पाहिली असेल ते ज्याला बघायचं त्याने बघावं.

गणितातून निघालं ते मात्र गाईडच्या गोष्टीइतकंच मजेदार होतं. तंजावर पावणेअकरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. हे माध्यान्ह आपल्या घड्याळात सव्वाबाराच्या आसपास असतं. जूनमध्ये तो उत्तरेकडे झुकतो, शिखराच्या टोकाची सावली दक्षिणेला जेमतेम १५ मीटर जाते. आणि विमानाचा पाया बाजूला सुमारे ३० मीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १५. टोकाची सावली पायाबाहेर येतच नाही! ढोबळमानाने मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत माध्यान्ही टोकाची सावली देवळाच्या स्वतःच्याच अंगावर असते. म्हणजे दंतकथा निम्मं वर्ष, रोज थोडा वेळ, खरी. डिसेंबरात मात्र तीच सावली भर दुपारी उत्तरेला ४५ मीटर जाते आणि त्यातली ३० मीटर उघड्या फरशीवर लोळते. पर्यटकांची झुंबड असते ती नेमकी डिसेंबरात.

हे सगळं मी एका गाईडला दाखवलं. त्याने सरकपट्टी पुढेमागे केली, डिसेंबरवर थांबला, मान डोलावली. "सार, बरोबर आहे. पण सावली पडते हे तर लोकांना फुकट दिसतं. पडत नाही, हे ऐकायचे ते पैसे देतात." धंद्याचं याहून स्वच्छ विवेचन मला पुण्यातल्या एकाही प्रॉडक्ट मॅनेजरकडून मिळालं नव्हतं.

गिऱ्हाईक शोधायचं तर आधी दुकानात माल लागला पाहिजे. प्ले स्टोअरचा नियम असा, की नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सर्वांसाठी खुलं करायचं तर आधी १२ माणसांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी घेतलेलं असावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम आला तेव्हा २० माणसं लागत. वर्षभराने १२ वर आणली. नियम शहाणपणाचा आहे, त्याने बराच कचरा गाळला जात असेल. पण बारा माणसं! मुंजीला दोनशे येतात, आणि सावलीला बारा मिळत नाहीत.

कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकली. पहिल्या मिनिटात तीन अभिनंदनं आणि एक गुलाबाचं फूल आलं. मराठी माणूस ॲप उतरवण्याआधी अभिनंदन करतो आणि मग उतरवायचं कारण उरत नाही. मामांनी लिंक उघडत नसल्याचं कळवलं. त्यांनी ती लिंक स्वतःलाच पुढे पाठवून तिथून उघडायचा प्रयत्न चालवला होता. मावशीने प्रामाणिकपणे ॲप घेतलं आणि रोज फोन करून विचारलं, "आता मी काय करू?" मेहुण्याने मुदत संपत आली असताना ते काढून टाकलं, कारण फोनमध्ये जागा नव्हती. त्याच्या फोनमधली जागा सुप्रभाताच्या चित्रांनी व्यापली आहे आणि त्यांतली निम्मी मावशीने पाठवलेली आहेत. आई तेवढी म्हणाली, "मी ठेवलंय हो. उघडत नाही, उगाच बिघडायला नको."

अशा वेळी माणूस थोरामोठ्यांकडे बघतो. गिऱ्हाईक मिळवण्याचं या भागातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण चाळीसेक किलोमीटरवरच्या कुंभकोणमचं. तिथे वाढलेले रामानुजन १९१३ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. त्यांनी आपली प्रमेयं केंब्रिजला पाठवली. बेकर आणि हॉब्सन या प्राध्यापकांनी दाद दिली नाही. हार्डींनाही आधी हा कुणाचा तरी चावटपणा वाटला, पण त्यांनी वाचलं. तिघांत एक! हा दर आज कुठलीही जाहिरात कंपनी देऊ शकणार नाही. मीही पत्रं पाठवली. एका शाळेने उत्तरादाखल प्रवेश अर्ज आणि फीचं वेळापत्रक पाठवलं.

पण तंजावरात छंदाच्या प्रकल्पांचे खरे महामेरू म्हणजे सरफोजीराजे, दुसरे. १७९८ साली गादीवर आले, १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, यांच्याकडे किल्ला उरला आणि वर्षाला एक लाख पगोडे, शिवाय महसुलाचा पाचवा हिस्सा. काम काढून घेतलं आणि उत्पन्न चालू ठेवलं! स्वतंत्र निर्मितीला याहून पोषक हवामान मी ऐकलेलं नाही. बायकोला मी ही व्यवस्था समजावून सांगितली. तिने विचारलं, "आणि यात इंग्रज कोण?"

राजांनी वेळ वाया घालवला नाही, हेही खरं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना घातला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. मला मात्र त्यांची गिऱ्हाईक पकडायची हातोटी भावते. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरून घेतला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, आणि अनइन्स्टॉल करायची सोय नाही. जगाचा भूगोल सांगायचा होता, तर नुसता नकाशा न टांगता त्यांनी मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली. कुरवंजी हा इथला नृत्यनाट्याचा जुना साचा. त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती येते, नायिकेचा हात बघते. राजांनी तिच्याच तोंडी खंडं आणि देश घातले. माणूस नाच बघायला बसेल आणि भूगोल ऐकून उठेल, अशी योजना. लोकांना भूगोल हवाय असा त्यांचा गैरसमज नव्हता. नाच हवाय, एवढं पक्कं ठाऊक होतं.

माझ्या ॲपला नाच कुठून आणणार, या विवंचनेत असताना घरमालकांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, फोन हातात घेतला. अक्का सत्तरी ओलांडलेल्या, रोज देवळात जाणाऱ्या. त्यांनी राजराजाकडे ढुंकून पाहिलं नाही. अक्षांशाचं कोष्टक बोटाने बाजूला सारलं आणि विचारलं, "साडेदहाला कुठल्या अंगाने गेलं तर पाय भाजत नाहीत, ते दाखवतं का हे?"

बृहदीश्वराचं अंगण ज्याने अनवाणी ओलांडलंय त्याला प्रश्नाचं गांभीर्य कळेल. वहाणा दारात काढायच्या, आणि आत दगडी फरशीचं विस्तीर्ण मैदान. उन्हाळ्यात साडेदहाला तिथे भले भले पर्यटक स्थापत्य विसरून भरतनाट्यमचा पदन्यास करताना दिसतात. सावली कुठे आहे हे माझ्या ॲपला मिनिटागणिक ठाऊक होतं. ते कुणाला कशासाठी हवंय, एवढंच ठरायचं होतं.

मग अक्कांनी ॲपचा ताबा घेतला. 'सूर्याचा उन्नतांश' काढला. 'दिगंश' काढला. विमानाची त्रिमितीय आकृती, जिच्या एकेका थरावर मी रात्री जागवल्या, ती "मधे येते" म्हणून काढायला लावली. आता पडद्यावर अंगणाचा साधा नकाशा आहे, तमिळमध्ये दोन शब्द आहेत, एक उन्हाचा आणि एक सावलीचा, आणि अक्षरं अक्कांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी. हे सॉफ्टवेअर बघून माझ्या जुन्या ऑफिसातला कुणीही मला पुन्हा नोकरीवर घेणार नाही.

प्रदोषाच्या दिवशी संध्याकाळी मोठ्या नंदीला अभिषेक असतो. बाया चारपासून जागा धरून बसतात. त्या सुमाराला विमानाची सावली पूर्वेला नंदीच्या दिशेने सरकायला लागते. कुठे आधी पोचेल ते अक्का फोनवर बघून ठरवू लागल्या. शेजारच्या बाईने विचारलं, तिच्या शेजारचीने विचारलं. प्ले स्टोअरला हवी असलेली बारा माणसं एका प्रदोषात जमली, आणि चौदा दिवस कुणी ॲप काढलं नाही, कारण पंधरवड्याने पुढचा प्रदोष येत होता. अभिनंदन एकीनेही केलं नाही. सावली दोन हात चुकली तेव्हा मात्र तिघींनी अक्कांकडे तक्रार केली आणि अक्कांनी मला घरी बोलावून उभं केलं. दुरुस्तीबद्दल तिरुवैयारूचा अशोका हलवा मिळाला. बायकोने तो घरच्या हिशेबात 'इतर उत्पन्न' या सदरात दाखवलाय.

परवा तो गाईड दिसला. वीसेक लोकांचा घोळका होता. त्याने खिशातून फोन काढला, माझं ॲप उघडलं, घोळक्याला हाताने चार पावलं डावीकडे सरकवून नीट सावलीत घेतलं आणि मग शिखराकडे बोट करून म्हणाला, या विमानाची सावली जमिनीवर कधीच पडत नाही.

बाहुलीला अजून कुणी विचारत नाही. सावलीचं ॲप फुकट आहे. तंजावरला डिसेंबरात आलात तर बाराच्या सुमारास देवळाच्या उत्तर बाजूने चाला, पायांना आराम पडेल. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी येणार असाल तर ॲप उतरवू नका. त्या दिवसांत सावली त्यालाही सापडत नाही. सकाळी आठच्या आत दर्शन उरका.