बारा मीटर, पण बारमाही

लिमासोल, सायप्रस

ती. बाबा आणि ती. आईस,


‘मागच्या पत्रात मी-मी फार झालं आणि आकडे कमी पडले,’ हा बाबांचा शेरा पोचला. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस लेकीचं पत्रसुद्धा मोजमाप पुस्तकासारखं तपासणार, हे ओघानंच आलं. तेव्हा या पत्रात ‘मी’ कुठेही सापडणार नाही. लेक आहे, तुमचे जावई आहेत, सासूबाई आहेत, दोन्ही नातवंडं आहेत आणि आटपाडीच्या घरात पुरून उरतील इतके आकडे आहेत.

इथे १५ ऑगस्टला सुट्टी असते. हे कळल्यावर सासूबाईंना या देशाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. ही सुट्टी मेरीमातेच्या सणाची, हे जावयांनी समजावून सांगेपर्यंत त्यांनी बाल्कनीत तिरंगा लावूनही टाकला होता. समोरच्या आजींनी हात जोडले, सासूबाईंनीही जोडले. दोघींपैकी कुणी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

त्या दिवशी लिमासोलमध्ये थांबतो तो वेडा. समुद्र असूनही हवा तव्यावरची, त्यामुळे अख्खं गाव ट्रूडोसच्या डोंगरात पळतं. पाऊण-एक तासात प्लात्रेस गाव येतं आणि गाडीच्या काचा खाली कराव्याशा वाटतात. गाडी डावीकडूनच चालवायची असते, कारण १८७८ पासून १९६० पर्यंत इथेही इंग्रजच होते. थंड हवेचं ठिकाण शोधून तिथे बंगले बांधायची त्यांची खोड महाबळेश्वरात दिसते तशीच इथेही. ट्रूडोसचं सगळ्यांत उंच शिखर ऑलिम्पस, १,९५२ मीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशेएक मीटर जास्तच. त्याच्या माथ्यावर ब्रिटिशांचं रडार अजून बसलेलं आहे.

बेत होता कॅलिडोनिया धबधब्याचा. कॅलिडोनिया हे स्कॉटलंडचं जुनं नाव. इथे आलेल्या स्कॉटिश मंडळींना गाव आठवलं आणि त्यांनी ते नाव धबधब्याला देऊन टाकलं. पायवाट सुमारे ३ किलोमीटरची. वरचं टोक राष्ट्राध्यक्षांच्या उन्हाळी बंगल्याजवळ, खालचं टोक प्लात्रेसपाशी सिलो डेंड्रो नावाच्या जागी. शहाणे लोक वरून खाली येतात. जावयांनी खालून वर जायचं ठरवलं, कारण दोन घड्या होणाऱ्या काठ्या, घाम वाळवणारा सदरा आणि पाठीवरच्या पिशवीतून नळीनं पाणी पिण्याची सोय हे सगळं त्यांनी घेऊन ठेवलेलं होतं आणि त्याचं कुठेतरी चीज व्हायला हवं होतं. सासूबाई पाचवारी साडी आणि नातीचे जुने बूट घालून निघाल्या. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर ज्यांचे गुडघे घडले, त्यांना नळीचं पाणी लागत नाही. पहिल्या चढालाच त्या पुढे गेल्या. तुमचे जावई ‘फोटोसाठी’ थांबू लागले. एका जागी तर त्यांनी नुसत्या दगडाचा फोटो काढला.

दगड मात्र फोटो काढण्यासारखाच निघाला. हा अख्खा डोंगर म्हणजे टेथिस नावाच्या जुन्या समुद्राचा तळ. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला तो तळ जमिनीच्या रेट्यानं वर उचलला गेला. उचलताना मधला भाग सगळ्यांत जास्त वर आला आणि वरचे थर झिजून गेले, त्यामुळे हिशेब उलटा झाला: पृथ्वीच्या पोटात सर्वांत खोल असलेला खडक आज शिखरावर दिसतो आणि समुद्रतळावर सांडलेला लाव्हा पायथ्याच्या गावांत. जगभरचे भूगर्भवाले इथे हातोड्या घेऊन येतात. २०१५ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांच्या यादीतही आहे. थोरलीनं हे सगळं फलकावरून मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकट्याला त्यातून एवढंच कळलं की आपण समुद्राच्या तळाशी चालतोय, आणि त्यानं उरलेल्या वाटेत अधूनमधून श्वास रोखून धरला.

वाट एका ओढ्याच्या काठानं जाते. क्रिओस पोटामोस, म्हणजे थंड नदी. कुठे दगडांवरून, कुठे लाकडी साकवावरून ती पुनःपुन्हा ओलांडावी लागते. झाडी अशी दाट की ऑगस्टच्या उन्हाचे नुसते कवडसे खाली पडतात. एका झाडाशी सासूबाई थबकल्या. पान वरून हिरवंगार, चकचकीत. उलटं केलं तर खाली सोनेरी मखमल, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. हा सायप्रसचा सोनेरी ओक, देशाचा राष्ट्रीय वृक्ष. जगात दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाही. ‘दसऱ्याला हीच पानं वाटायची,’ सासूबाईंनी जाहीर केलं. ‘आपट्यापेक्षा खरं सोनं.’ राखीव जंगलात फांदीला हात लावायचा नसतो, हे नातीनं बजावल्यावर त्यांनी फक्त गळालेली पानं वेचली, पण ती इतकी मन लावून वेचली की तेवढ्या वेळात मागे पडलेले जावई येऊन पोचले.

आणि मग धबधबा आला. उंची १२ मीटर.

बाबा, तुम्हाला तेव्हाची शांतता ऐकू यायला हवी होती. ठोसेघरच्या धबधब्याशेजारी आयुष्य गेलेल्या बाईला कुणी चढ चढवून नेऊन चार मजली धबधबा दाखवला, तर ती काय बोलेल? सासूबाईंनी वरून खाली बघितलं, मग खालून वर बघितलं आणि विचारलं, ‘बाकीचा कुठाय?’ दुर्दैव असं की त्याच सकाळी साताऱ्याहून दिरांनी ठोसेघरचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात धुकं, गर्जना आणि छत्र्या उलटलेली मंडळी होती. इथे एक पांढरा झोत नीटसपणे एका डोहात पडत होता आणि भोवती चाळीसेक माणसं तो कौतुकानं बघत होती. एक आजोबा तर टोपी काढून उभे होते. (त्यांना उकडत असणार, असं जावयांचं म्हणणं.)

पण बाबा, आता तुमच्या खात्याचा विषय. ठोसेघरचं ते रूप चार महिन्यांचं. मे महिन्यात तिथे कड्यावर काय उरतं ते तुम्ही पाहिलंय. इथे ऑगस्टमध्ये पावसाचं नाव नसतं. पाऊस हिवाळ्यात, तोही शिखरावर वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर. महाबळेश्वरला जवळपास त्याच्या पाचपट पडतो. तरी हा १२ मीटरचा गडी उन्हाळाभर वाहतो. कारण हाच दगड. गॅब्रो नावाचा हा खडक भेगाळलेला आहे. हिवाळ्यातला पाऊस आणि शिखरावरचं वितळलेलं बर्फ त्या भेगांत मुरतं आणि झऱ्यांवाटे वर्षभर बेताबेतानं बाहेर येतं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी धबधब्याकडे पुन्हा एकदा बघितलं. ‘म्हणजे उधळ्या नाही,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं प्रमाणपत्र आजवर कुणालाही मिळालेलं नाही, मुलालासुद्धा.

ही थंड नदी पुढे कूरिस धरणाला मिळते. सायप्रसमधलं हे सर्वांत मोठं धरण, क्षमता साडेअकरा कोटी घनमीटर. तुमच्या भाषेत चार टीएमसी. हो, चारच. कोयनेच्या १०५ टीएमसीपुढे हे म्हणजे हौद, पण लिमासोलपासून पार पूर्वेच्या शेतांपर्यंत हेच पाणी जातं. कूरिसमध्ये अलासा नावाचं गाव बुडालं. पाणी उतरलं की तिथलं जुनं चर्च उघडं पडतं, आणि ते बघायला गर्दी होते. उजनीत पळसनाथाचं देऊळ वर आलं की आपले लोक जातात ना, तसंच. दोन्हीकडे माणसांनी देव दिसला म्हणून आनंदावं की पाणी आटलं म्हणून रडावं, हे काही ठरलेलं नाही.

आणि टँकर! आटपाडीला टँकरचं कौतुक कुणी सांगायला नको. पण २००८ साली इथे असा दुष्काळ पडला की पिण्याचं पाणी ग्रीसहून जहाजांनी आणावं लागलं. खरीखुरी टँकर जहाजं, समुद्रातून आलेली. जहाजांचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत काम करणाऱ्या तुमच्या जावयांना ही गोष्ट सांगताना विशेष हुरूप येतो. आता समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने आहेत, म्हणून नळाला पाणी आहे.

वरच्या टोकाला पोचल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या उन्हाळी बंगल्याची हकीकत निघाली. इंग्रज गव्हर्नरसाठी १८८० मध्ये त्याचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मजुरांवर मुकादम म्हणून कोण होता? आर्थर रँबो, फ्रान्सचा कवी! वय पंचविशीतलं, कविता सोडून झालेली. भिंतीवर त्याच्या नावाची फ्रेंच पाटीही आहे. लेकीला यावर फार काही बोलायचं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘बरं झालं, हाताला काम मिळालं.’ साहित्यचर्चा तिथेच आटोपली.

खाली परतल्यावर मंडळी सहलीच्या जागी विसावली. सायप्रसचा माणूस सणाला डोंगरात येतो तो लांब सळया, कोळसा आणि मांसाचे मुठीएवढे तुकडे घेऊन. त्याला सूवला म्हणतात. तीन तास हळूहळू फिरवत भाजायचं आणि तेवढा वेळ सगळ्यांनी एकदम बोलायचं. शेजारच्या कुटुंबानं न विचारता ताट पाठवलं. सासूबाईंसाठी त्यात निखाऱ्यावर भाजलेलं हलुमी चीज होतं. वितळत नाही, दाताखाली कुरकुरतं. परतफेडीत दशम्या आणि लसणाची चटणी गेली. चटणी खाल्लेले काका काही वेळ काहीच बोलले नाहीत, मग उठून ओढ्यावर गेले. परत आले ते आणखी मागायला.

पुढचा बेत मिलोमेरिसचा आहे. प्लात्रेसलाच आहे, सुमारे १५ मीटर, म्हणजे तीन मीटरची बढती. तुम्ही दोघं मार्चमध्ये या. बर्फ वितळतं, पाणी भरपूर असतं आणि बाबांना हवं ते मोजता येईल. येताना भाजणी, मेतकूट, कोकम आणा. कंदी पेढे मात्र नकोत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणू देत नाहीत. सासूबाईंना ही बातमी अजून कुणी दिलेली नाही. ते काम आईनं फोनवर करावं, अशी घरातल्या सगळ्यांची विनंती आहे.

तुमची,
लेक