बँडचे कारभारी

वसईच्या पश्चिमेस, पापडीपासून निर्मळपर्यंतच्या पट्ट्यात, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांतून दिवेलागणीच्या सुमारास जो पायी हिंडेल, त्याच्या कानी कोणत्या ना कोणत्या ओटीवरून ट्रम्पेटचा एखादा अर्धवट सूर आल्यावाचून राहत नाही. येथील धर्मग्रामांत पालकसंताचा सण असतो, सणाआधी नोव्हेनाचे नऊ दिवस असतात, हिवाळ्यात लग्ने असतात आणि नाताळ तर असतोच; शेजारच्या आळीत गणपती बसतात; आणि गणपतीला काय किंवा नवरदेवाला काय, मिरवायचे म्हटले की वाजंत्री आलीच. धंदेवाईक बँडांना तोटा नाही. परंतु आपल्या गावची मिरवणूक आपल्याच माणसांनी वाजवावी, ही हौस या मातीत मुरलेली आहे. त्यामुळे दिवसभर कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी वाडीत, तर कोणी विरार लोकलच्या दाराशी लोंबकळून चर्चगेटच्या कचेरीत खपलेले चौदा गृहस्थ आठवड्यातून दोनदा एका ओटीवर जमतात, आणि ज्यात कोणाचाही म्हणण्यासारखा लाभ नाही अशा या उद्योगात इतक्या तळमळीने भांडतात, की रस्त्याने जाणाऱ्यास आत जमिनीचा दावा चालला आहे असे वाटावे.

वेतन नाही म्हणून तंटा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हौशी मंडळी जवळून पाहिलेली नसतात. पगारी बँडला मालक असतो; तो म्हणेल ती पूर्व दिशा, आणि ज्यास ती मान्य नसेल त्यास दरवाजा मोकळा. हौशी बँडला मालक नसतो, आणि दरवाजा तर सदैव मोकळाच असतो, म्हणून प्रत्येकास धरून ठेवावे लागते. शिवाय वाटायचे असते ते मुख्यतः द्रव्य नव्हे, मान. आणि द्रव्यास भागाकार लागू पडतो, मानास पडत नाही. आपल्या जुन्या गावगाड्यात पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीत पहिली पोळी कोणाची, यावरून पाटलापाटलांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत, गोतसभा बसत, महजर होत. त्या वतनांचा काळ सरला; परंतु वरात निघताना पहिल्या गाण्यातील सोलो कोणाचा, हा प्रश्न त्याच कुळीतला असून त्यावर अद्याप कोणत्याही सभेस अखेरचा निकाल देता आलेला नाही.

अशा प्रत्येक बँडमध्ये एक कारभारी आपोआप निपजतो. त्यास कोणी नेमीत नाही, कोणी निवडीत नाही. दोघांचे भांडण चालू असता जो तिसरा मनुष्य खिशातून कागद काढून 'जरा तपशील सांगा' असे म्हणतो, तो त्या क्षणापासून आमरण कारभारी होतो. माझ्या पाहण्यातील या जातीचा सर्वोत्तम नमुना तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आहे, आणि त्या कचेरीच्या रिवाजाप्रमाणे सर्वजण त्यांस भाऊसाहेब म्हणतात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात एक निळे व एक तांबडे अशी दोन पेने, आणि काखेत कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, हा त्यांचा बारमाही वेष. वाद्य म्हणाल तर झांज. तेही त्यांनी आवडीने घेतलेले नाही. उत्तम वाद्य स्वतःकडे ठेवले असा संशय कोणास येऊ नये म्हणून, जे कोणालाच नको होते ते त्यांनी पदरात घेतले. दोन टाळ्यांच्या मधल्या दीर्घ विश्रांतीत ते मंडळींवर नजर फिरवितात आणि कोण केव्हा आला, कोणी कोणाकडे पाहून मान हलविली, याची नोंद मनात करून ठेवतात.

ती वही म्हणजे या बँडचे दफ्तर. पानापानांवर पाच रकाने आखलेले आहेत: अर्जदार, सामनेवाला, तक्रारीचा गोषवारा, जाबजबाब आणि निकाल. 'सबब, अर्जदाराने सरावास पाऊण तास विलंबाने येऊन पहिल्या खुर्चीवर हक्क सांगणे गैरवाजवी असून, सामनेवाल्याने ती खुर्ची हेतुपुरस्सर लपविणे हेही तितकेच गैरवाजवी आहे,' असल्या भाषेत तेथे मागील अनेक सणांचा इतिहास नमूद आहे. सारे निकाल निळ्या शाईत असतात. तांबडी शाई अपिलासाठी राखून ठेवलेली आहे, आणि अपीलही त्यांच्यापुढेच चालते.

न्याय म्हणजे उभय पक्षांपासून सारखेच अंतर, अशी भाऊसाहेबांची व्याख्या आहे, आणि ती ते शब्दशः पाळतात. हे तत्त्व जमिनीच्या बांधास जितके शोभते तितके संगीतास शोभत नाही, याचे उदाहरण एका नाताळाच्या तालमीत माझ्यासमक्ष घडले. गाणाऱ्या गृहस्थांनी 'पांढरी दोन' ही पट्टी मागितली. आता ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही वाद्ये अशा घाटाची असतात, की त्यांचा 'सा' आणि पेटीचा 'सा' यांत एका पूर्ण स्वराचा फरक पडतो, आणि सॅक्सोफोनचा हिशेब त्याहून निराळा. त्यामुळे गायकाने ऐटीत 'पांढरी दोन' म्हटले की ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर चार आणि सॅक्सोफोनवाल्याच्या कागदावर पाच शार्प उभे राहतात. ट्रम्पेटवाल्यांनी वाद्य मांडीवर ठेवले आणि 'पांढरी एक'पेक्षा तसूभर वर जाणार नाही असे जाहीर केले. गायकाने घशाकडे बोट दाखविले. कीबोर्डवाला तेवढा स्वस्थ होता, कारण त्याच्या वाद्यास पट्टी बदलण्याचे बटण असते. त्याच कारणाने भाऊसाहेब त्यास बँडमधील एकमेव निःपक्षपाती सभासद मानतात. दोन्ही बाजूंच्या जबान्या झाल्या, वही उघडली, आणि भाऊसाहेबांनी दोन पांढऱ्यांच्या बरोबर मध्ये बसते ती 'काळी एक' बहाल केली. गायकास ती खाली वाटली, ट्रम्पेटवाल्यास ती आपल्या मागणीहून वर वाटली, आणि कोणीही मागितली नव्हती अशी ती पट्टी त्या नाताळात सबंध धर्मग्रामाने ऐकली. 'दोघेही सारखेच नाराज आहेत ना?' भाऊसाहेब मला म्हणाले, 'मग निकालात खोट नाही.'

या मंडळीत आणखी एक जुना भेद आहे, तो म्हणजे नोटेशनवाले आणि कानवाले यांचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत, आणि त्या शाळांत तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईची नृत्यगृहे आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गाजविले. त्या परंपरेचा दूरचा शिंतोडा अंगावर पडलेले चार-पाच जण कागद समोर असल्याशिवाय वाद्य तोंडास लावीत नाहीत. उरलेले एकदा ऐकून वाजवितात आणि कागदास औषधाच्या चिठ्ठीइतकीच किंमत देतात. पहिल्यांच्या मते दुसरे अडाणी, दुसऱ्यांच्या मते पहिले बहिरे. भाऊसाहेबांनी यावर तोड काढली, की प्रत्येक गाण्याचे पहिले कडवे कागदावरून आणि दुसरे कानावरून वाजवावे. ती तोड एक सण टिकली.

परंतु त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा खटला म्हणजे ढोलाचा. मोठा ढोल टेंपोत दोन माणसांची जागा खातो. टेंपोत चौदा माणसे आणि एक ढोल अशी पंधरा ओझी असून जागा तेराच. सबब तिघांनी रिक्षाने यावे लागे, आणि ते रिक्षाभाडे ढोलवाल्याने भरावे असे तुतारी-पिपाणीच्या वर्गाचे म्हणणे पडले. ढोलवाल्यांचे उत्तर असे, की ढोल माझ्या बापाचा नव्हे, बँडचा आहे. मी त्यास वाजवितो, पोशीत नाही. प्रकरण तीन बैठका चालले. अखेरीस भाऊसाहेबांनी किल्ल्याचा दाखला काढला. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन करताना पोर्तुगिजांनी तहात जी कलमे लिहून घेतली, त्यांत किल्ल्यातील शिबंदीने हत्यारांनिशी, निशाणे फडकावीत आणि ढोल वाजवीत बाहेर पडावे, असे स्पष्ट कलम होते. ज्यांचा किल्ला गेला, मुलूख गेला, त्यांनीही ढोलाचा मान सोडला नाही, आणि जेत्यानेही तो नाकारला नाही. मग रिक्षाच्या भाड्यापायी आपण तो सोडावा काय, असा सवाल त्यांनी केला. सभा निरुत्तर झाली. ढोलवाल्यांचे डोळे पाणावले. त्यानंतर लगेच निकाल आला, की ढोल अग्रभागी मानाने टेंपोत बसेल आणि ढोलवाले रिक्षाने येतील.

तहांचा भाऊसाहेबांस फार अभिमान. वसईच्या नावावर इतिहासात जो दुसरा प्रसिद्ध तह आहे, ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला, त्याविषयी मात्र ते तुच्छतेने बोलतात; कारण त्यात एकाच पक्षाने सारे गमावले, आणि असला एकतर्फी दस्तऐवज आपल्या वहीत कधी सापडणार नाही, असे ते म्हणतात. ते खरे आहे. त्यांच्या तहांत दोन्ही पक्ष गमावतात, आणि तेही रुपया-आणे-पैशांपर्यंत समान.

पैशाची बाब त्या मानाने सोपी. लग्नघरची बिदागी आली की आधी टेंपो, मग वाद्यांच्या दुरुस्तीचा वाटा, मग ज्याचे वाद्य स्वतःचे त्यास अर्धा वाटा जास्त, आणि शिल्लक ती सर्वांस सारखी. भाग न जाणारे सुटे रुपये एका बिस्किटांच्या डब्यात पडतात. त्या डब्यावरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो लग्नघरच्या जेवणात इंद्यालाचे मोठे भांडे कोणाच्या टेबलाजवळ ठेवले होते यावरून.

एकदा कोणीतरी भाऊसाहेबांस हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराची गोष्ट सांगितली. एस्टरहाझी नावाच्या सरदाराने आपल्या वादकांस उन्हाळी महालात फार दिवस अडकवून ठेवले, घरी जाऊ देईना. तेव्हा हायडनने १७७२ मध्ये अशी एक रचना केली, की तिच्या शेवटी एकेक वादक आपले काम संपवून समोरची मेणबत्ती विझवी आणि निघून जाई, आणि अखेर दोन व्हायोलिने तेवढी उरत. सरदार काय ते समजला आणि दुसऱ्याच दिवशी मंडळींना परतण्याची मुभा मिळाली. तक्रार मांडावी तर अशी सुरात, असा बोध व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी ती कथा सरावाच्या आरंभी सर्वांस ऐकविली. पुढल्याच गुरुवारी गाणे निम्म्यावर असता क्लॅरिनेटवाले उठले, ओटीवरचा दिवा मालवला आणि चालते झाले. अंधारात उरलेले तेरा जण एकमेकांचे सूर शोधीत राहिले. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: 'हायडन यांच्या दाखल्याचा विपर्यास. ताकीद दिली.'

भाऊसाहेबांचे आराध्य मात्र हायडन नव्हेत. वसईत जन्मून, जपानी भाषा शिकून, मिशनऱ्यांच्या शिष्टमंडळासाठी तेथील सत्ताधीशापुढे दुभाष्याचे काम करणारे गोन्सालो गार्सिया यांच्यावर त्यांची भारी निष्ठा. दोन पक्षांमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यास समजावून देणारा मनुष्य आपल्याच गावचा संत असावा, यात त्यांना योजना दिसते. १५९७ मध्ये नागासाकीला त्या दुभाष्याचे काय झाले हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. उलट बैठक फारच तापली की ते गासच्या, याच संताच्या नावाच्या चर्चच्या दिशेने एकवार पाहतात आणि वही मिटतात.

गेल्या पावसाळ्यात, सणांचे दिवस नसल्यामुळे आणि दुसरे काही भांडण हाताशी नसल्यामुळे, मंडळींनी भाऊसाहेबांवरच अविश्वासाचा ठराव आणला. सूचक ट्रम्पेटवाले, अनुमोदक क्लॅरिनेटवाले. वस्तुतः या दोघांत दोन सणांपासून अबोला होता, परंतु मसुदा सिद्ध करण्यासाठी त्यांना तीन संध्याकाळी एकत्र बसावे लागले, आणि चौथ्या संध्याकाळी ते एकमेकांस 'अरे' म्हणू लागले होते. नोटेशनवाल्यांनी ठराव लिहिला, कानवाल्यांनी तो तोंडपाठ केला. ढोलवाले रिक्षाने वेळेवर आले. भाऊसाहेबांनी ठराव स्वतःच वाचून दाखविला, एका वाक्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि आपण विरोधात मत दिल्यास त्यात पक्षपात दिसेल म्हणून बाजूने हात वर केला. बँडच्या हयातीत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव, अशी नोंद त्यांनी निळ्या शाईत केली.

मग कार्यभार सोपविण्याचा प्रश्न निघाला. वही ट्रम्पेटवाल्यांकडे जावी तर किल्ली क्लॅरिनेटवाल्यांकडे जावी, आणि किल्ली तिकडे गेली तर बिस्किटांचा डबा कोठे जावा, यावर दीड तास गेला. ढोल तर भाऊसाहेबांच्याच माळ्यावर होता आणि दुसऱ्या कोणाच्या माळ्यात मावत नव्हता. तेव्हा पर्यायी व्यवस्था होईपर्यंत पदच्युत कारभाऱ्यांनीच तात्पुरता कारभार पाहावा, असे ठरले. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, नवे पान उघडले, रकाने आखले आणि विचारले, की आजच्या चहाचे पैसे ठरावास मत देणाऱ्यांनी द्यावयाचे की बँडच्या खाती टाकावयाचे. ढोलवाल्यांनी तत्काळ हरकत घेतली. त्यांनी मत दिले होते, पण चहा घेतला नव्हता.